निरंक साहेबांची तपासणी

कार्यालयात त्यांना तोंडावर सगळे 'साहेब' म्हणत आणि पाठ वळली की 'निरंक'. पुढेपुढे हे दोन शब्द एकमेकांना असे चिकटले, की फोनवर लोक थेट त्यांनाच विचारायचे, "निरंक साहेब आहेत का?" आणि तेही काही न वाटून घेता म्हणायचे, "बोलतोय."

निरंक म्हणजे काही नाही. पण सरकारी कागदावर 'काही नाही' असं लिहिलं की लिहिणाऱ्याने काही केलंच नाही असं वाटतं. 'निरंक' लिहिलं की वाटतं, गृहस्थ दिवसभर उन्हातान्हात हिंडला, कोपरान्‌कोपरा धुंडाळला, घाम पुसला आणि मग कुठे त्याच्या हाती काही लागलं नाही. साहेबांना हा शब्द नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात भेटला आणि जन्माची गाठ पडली.

त्यांचं काम शहरातल्या दातांच्या दवाखान्यांची तपासणी करण्याचं. दवाखाने बासष्ट. प्रत्येकाकडे दोन वर्षांतून एकदा जायचं, चौसष्ट मुद्द्यांचा फॉर्म भरायचा. हत्यारं नीट निर्जंतुक होतात का, वापरलेल्या सुया कुठे टाकतात, एक्स-रेच्या वेळी पेशंटला शिशाचा एप्रन घालतात का, असे ते मुद्दे. शेवटी मोठा रकाना : 'आढळलेल्या त्रुटी'. त्यात एकोणीस वर्षं एकच शब्द, एकाच वळणाचा, 'र'ला एकच झोकदार गाठ मारलेला.

आता हे खोटं होतं असं कुणी म्हणू नये. त्रुटी आढळली नाही, हे अक्षरशः खरं असायचं. एखादी वस्तू आढळायची तर तिच्या दिशेने बघावं लागतं, आणि साहेब बघायचे चहाच्या दिशेने. त्यांची पद्धत ठरलेली होती. अकराच्या सुमारास पोचायचं, डॉक्टरांना विचारायचं, "सगळं व्यवस्थित ना?" डॉक्टर म्हणायचे, "हो हो, अगदी." की चौसष्ट खुणा, सही, शिक्का. सुरुवातीला याला बावीस मिनिटं लागत. अनुभवाने ती चौदावर आली होती.

साहेब लाचखाऊ मुळीच नव्हते. चहा आणि बिस्किटं यापलीकडे त्यांनी कुणाचं काही घेतलं नाही. त्यांना फक्त कुणाला वाईट वाटलेलं बघवत नसे. समोरच्याचा चेहरा पडला की ते लगेच "असू द्या" म्हणायचे. घरीही तेच. बायकोने "भाजी कशी झालीय?" विचारलं की उत्तर "ठीक." एकदा तिने मुद्दाम मीठच घातलं नाही. उत्तर "ठीक." तेव्हा ती म्हणाली होती, "तुम्हाला जेवायला वाढणं म्हणजे पोस्टाच्या पेटीत पत्र टाकणं. आत गेलं, एवढंच कळतं."

यावरही साहेब "बरं" म्हणाले होते.

अशी ही नाव संथ पाण्यातून चालली असताना कार्यालयात नव्या मुख्य अधिकारी बाई आल्या. वय साहेबांपेक्षा दहा वर्षांनी कमी, चष्मा मात्र दुप्पट जाड. आल्या आल्या त्यांनी साहेबांचे सगळे जुने अहवाल मागवले. शिपायाने तीन खेपांत आणले. सोमवारी बाईंनी साहेबांना बोलावलं.

"बसा. तुमचे पाचशे एकोणनव्वद अहवाल वाचले मी."

"सगळे?" साहेबांना भरून आलं. आजवर ते कुणी वाचले नव्हते.

"एक वाचला. बाकीचे पाचशे अठ्ठ्याऐंशी तोच होते. मला एक सांगा साहेब, या शहरात कुणाचा दात दुखतो का?"

"दुखतो ना मॅडम. पुष्कळांचा."

"मग ती माणसं दवाखान्यात जातात. डॉक्टर माणूस, नर्स माणूस, यंत्र माणसानेच केलेलं. आणि एकोणीस वर्षांत कुणाची एक सुई इकडची तिकडे झाली नाही?"

"आढळली नाही, मॅडम."

बाईंनी चष्मा काढून पुसला. चष्म्याशिवाय त्यांची नजर जास्तच बोचत होती. "शुक्रवारपर्यंत मला एक त्रुटी हवी. खरी. चहाच्या कपातली नको, जागेवरची. आणि अजून दुरुस्त न झालेली, म्हणजे मला स्वतः जाऊन बघता येईल. नाही मिळाली, तर सोमवारपासून तुम्ही तळघरात. जुन्या कागदपत्रांच्या विभागात."

तळघर म्हणजे काय, हे कार्यालयात सगळ्यांना माहीत होतं. तिथे खिडकी नव्हती, पंखा होता पण तो फक्त आवाज करायचा. मागे एक कारकून तिथे गेला होता; तो निवृत्तीच्या दिवशीच वर आला आणि निरोप समारंभात उजेडाला हात आडवा धरून भाषण करून गेला. साहेबांची अजून सात वर्षं उरली होती.

"आणि नियम माहीत आहे ना?" बाई म्हणाल्या. "दुरुस्त न झालेली त्रुटी सापडली की दारावर लाल कागद लावायचा, आठवडाभर बंद. आणि 'जबाबदार व्यक्ती' या रकान्यात नाव."

साहेबांना नियम माहीत होता. लाल कागदांचा गठ्ठा त्यांच्या कपाटात एकोणीस वर्षं कोरा पडून होता. मुलगी लहान असताना त्यातल्या दोन-तीन कागदांच्या होड्या झाल्या होत्या, तेवढाच काय तो वापर.

बुधवारी त्यांच्या यादीत एक जुना दवाखाना होता. वह्या-पेनांच्या दुकानाच्या डोक्यावर, अरुंद जिन्याने चढून जायचा. डॉक्टर दुसऱ्या पिढीचे. गुबगुबीत, सज्जन, आणि समोरच्याला बोलता येत नसेल तेव्हाच भरभरून बोलणारे. म्हणजे पेशंटच्या तोंडात कापूस भरला की यांना वाचा फुटायची. त्यांच्याबरोबर एक मदतनीस होती. लहानथोर सगळे तिला मावशी म्हणत. किडकिडीत, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, चोवीस वर्षं याच दवाखान्यात. हत्यारं धुणं, पिशव्यांत भरणं, ऑटोक्लेव्हमध्ये लावणं हे तिचं काम. ऑटोक्लेव्ह म्हणजे आपल्या प्रेशर कुकरचा शिकलेला थोरला भाऊ : दाबाखालच्या वाफेने हत्यारांवरचे जंतू मारतो आणि शिट्टीऐवजी आकडे दाखवतो.

साहेबांना बघताच डॉक्टरांनी खुर्चीतल्या पेशंटला "आ करून ठेवा, आलोच" असं सांगितलं आणि एक कोरी करकरीत नोंदवही पुढे केली.

"चहा सांगतो साहेब. सगळं व्यवस्थित आहे."

साहेबांनी वही उघडली. तक्रारी : निरंक. अपघात : निरंक. यंत्रातील बिघाड : निरंक. पानामागून पान. आणि गंमत म्हणजे निरंक हा शब्द हाताने लिहिलेला नव्हताच. छापलेला होता.

"हे छापील आहे?"

"आमच्या संघटनेने नमुनाच काढलाय," डॉक्टर अभिमानाने म्हणाले. "साहेबांना निरंक आवडतं, हे सगळ्यांना माहीत आहे. उगाच लिहीत कशाला बसायचं? फक्त तारीख टाकायची. बासष्टच्या बासष्ट दवाखान्यांत हीच वही आहे."

आपली आवडती चीज दुसऱ्याच्या तोंडून बेसूर ऐकावी तसं साहेबांना झालं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना त्या शब्दाकडे बघवेना. तळघर डोळ्यांपुढे आलं. त्यांनी फाइल बगलेत मारली आणि ते उठले.

"चहा राहू द्या. मी जरा बघतो."

"काय बघता?" डॉक्टर दचकले.

"दवाखाना."

आणि साहेब त्या दवाखान्याच्या हात धुऊन मागे लागले. म्हणजे मागे लागले. हात धुवायचे राहिले. कोपऱ्यात पिशव्या मोजत असलेल्या मावशीने तेवढं टिपलं.

पहिलं सापडलं ते भिंतीवरचं घड्याळ. साहेबांनी मनगटाशी ताडून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "सात मिनिटं मागे!"

"त्याची नोंद आहे," मावशी म्हणाली.

"कसली नोंद?"

"काल कळलं. आज संध्याकाळी सेल बदलणार. नोंद आहे."

साहेब पुढे सरकले. एक्स-रेच्या खोलीत शिशाचा एप्रन स्टुलावर घडी घालून ठेवलेला होता. घडी घातली की आतल्या शिशाला चिरा जातात, तो टांगून ठेवावा लागतो. हा मुद्दा क्रमांक एकेचाळीस साहेबांना तोंडपाठ होता, प्रत्यक्ष एप्रन मात्र ते आज पहिल्यांदा बघत होते. "हा असा का?"

"खुंटी निखळली सकाळी. नोंद आहे. सुतार साडेअकराला येतोय."

इतक्यात जिन्यावर पावलं वाजली आणि खांद्याला पिशवी लावलेला सुतार दारात उभा राहिला. "खुंटी कुठाय मावशी?"

"आत जा. चपला बाहेर."

साहेबांच्या कपाळावर घाम आला. सुतारांनी वेळेवर यायला सुरुवात केली तर तपासणीसांनी जगायचं कसं? त्यांनी हत्यारांचा कप्पा उघडला. निर्जंतुक पिशव्यांवर एक पट्टी असते. वाफ नीट लागली की तिच्यावर काळ्या रेघा उमटतात. एका पिशवीवरची पट्टी कोरी होती. साहेबांनी ती विजयी मुद्रेने उंच धरली. "आणि ही?"

"ती नापास. म्हणून वेगळ्या कप्प्यात ठेवलीय. कप्प्यावर लिहिलंय, वाचा."

कप्प्यावर लिहिलं होतं : 'नापास. हात लावू नये.' साहेबांचा हात लागलेला होता.

"याचीही नोंद आहे म्हणा!" ते उखडले.

"आहे ना."

"अहो पण कुठल्या वहीत? या वहीत तर सगळं निरंक आहे!"

डॉक्टर मावशीच्या समोर, साहेबांच्या पाठीमागे उभे राहून भुवया जमतील तितक्या उंच नेत होते.

"डॉक्टर, तुमच्या भुवयांना काय होतंय?" मावशीने विचारलं, आणि खालच्या कपाटातून दोऱ्याने शिवलेली जाडजूड वही काढून साहेबांपुढे ठेवली. "ही सातवी. आधीच्या सहा माळ्यावर आहेत."

डॉक्टरांची दातखीळ बसली. स्वतःच्याच दवाखान्यात, आणि उपाय माहीत असूनही.

"मोठ्या डॉक्टरांनी, म्हणजे यांच्या वडिलांनी, मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं," मावशी म्हणाली. "जे चुकेल ते लिहायचं. त्यापुढे काय केलं ते लिहायचं. पुरतं निस्तरलं की मगच सही करायची. ते गेले. थांब असं मला कुणी सांगितलं नाही."

साहेबांनी वाचायला सुरुवात केली. उभ्याउभ्याच.

'ऑटोक्लेव्हचा आकडा १२१ला पोचला नाही. — दाराचं रबर बदललं. पुन्हा लावलं. पोचला.' सही.

'डॉक्टरांनी डावीकडच्या दाढेऐवजी उजवीकडे भूल दिली. आजोबांच्या लक्षात आलं. — माफी मागितली. आता सुई टोचण्याआधी पेशंटकडून बोट लावून घेतो. आजोबा म्हणाले, चालेल, ती पण दुखणारच होती.' सही.

'डॉक्टरांच्या सासूबाई रांग मोडून आत गेल्या. — रांगेतल्यांची माफी मागितली. सासूबाईंना समजावून सांगितलं. त्या आता बोलत नाहीत. डॉक्टरांची तक्रार नाही.' सही.

'तोंडात कापूस असताना डॉक्टरांनी पेशंटला चार प्रश्न विचारले. पेशंट उत्तर द्यायला गेला, कापूस गिळता गिळता राहिला. — डॉक्टरांना सांगितलं. प्रश्न बंद.' सही. खाली : 'पुन्हा सुरू. — पुन्हा सांगितलं.' सही. खाली : 'पुन्हा.'

साहेब पान उलटत गेले. चुकाच चुका; एकोणीस वर्षांत त्यांनी एकूण पाहिल्या नव्हत्या एवढ्या. पण प्रत्येकीपुढे सही. घसरलेली सुई, संपलेलं औषध, गळणारा नळ, सगळ्याची तड लागलेली. दुरुस्त न झालेली एकही नाही! साहेबांना रडू यायचं बाकी होतं. या बाईने त्यांच्यासाठी काही म्हणजे काही शिल्लक ठेवलं नव्हतं.

आणि मग दोन वर्षांपूर्वीच्या एका पानावर सहीची जागा कोरी दिसली.

"सापडली!" साहेब ओरडले. सुताराचा हातोडा हवेत थांबला. "दोन वर्षं! दोन वर्षं ही त्रुटी तशीच पडून आहे! डॉक्टर, हे काय आहे? ऐका!" आणि त्यांनी खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली.

"'सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. तपासणीस साहेब आले. हात धुतले नाहीत. फाइल निर्जंतुक ट्रेवर ठेवली. चहा घेतला. बिस्किटं सहा. बिस्किट दाढेत अडकलं असावं...'"

आवाज एक पायरी उतरला.

"'...इकडेतिकडे बघून साहेबांनी ट्रेमधली बारीक सळई उचलली...'"

आणखी दोन पायऱ्या.

"'...दाढ कोरली, सळई पँटला पुसली आणि परत ट्रेमध्ये ठेवली. चौसष्ट खुणा केल्या. गेले.'"

यापुढचा रकाना त्यांनी मनात वाचला. 'ट्रेमधली अकरा हत्यारं पुन्हा धुऊन लावली. साहेब —'

त्या आडव्या रेघेपुढे काही नव्हतं.

खुर्चीतला पेशंट एवढा वेळ आ करून बसला होता. तोंडात कापूस असल्यामुळे त्याचं हसू नाकातून आलं. सुतार शहाणा माणूस. त्याने खुंटी ठोकायला घेतली.

"मला वाटलं कुणाचं लक्ष नव्हतं," साहेब हळूच म्हणाले.

"माझं असतं," मावशी म्हणाली. "वाईट वाटून घेऊ नका. नाव नाही घातलं तुमचं. आणि सासूबाईंचंही लिहिलंयच की."

"पण सही का नाही?"

"हत्यारं परत लावली, ती निस्तरली. तुमचं काय झालं ते मला कसं कळणार? तुम्ही गेलात ते आज आलात." आणि त्यांच्या हातांकडे बघून, "आजही हात धुतले नाहीत."

साहेब बाकावर बसले. त्यांनी फॉर्म काढला. डोकं मात्र भराभर चालत होतं, कारण एकोणीस वर्षं ज्याने सरकारी भाषा लिहिली त्याला अडचणीत वाक्यं सुचतात. 'सदर दवाखान्यात निर्जंतुक हत्याराचा एका व्यक्तीकडून अयोग्य वापर झाल्याचे दप्तरी नोंदीवरून दिसून येते.' यात खोटं काय? काही नाही. 'एका व्यक्तीकडून.' व्यक्ती तर होतीच. मग 'जबाबदार व्यक्ती' या रकान्यात दवाखान्याच्या डॉक्टरांचं नाव. दारावर लाल कागद. मॅडम खूश, तळघर टळलं.

डॉक्टर आता दाताच्या कण्या करत होते. "साहेब, एवढ्या एका वहीवरून नका हो! लाल कागद लागला तर पेशंट फिरकणार नाहीत. मी किती वेळा मावशींना म्हटलं, ती वही बंद करा. चांगली छापील वही आहे! उद्यापासून मी स्वतः..."

"ती बंद करू नका," साहेबांच्या तोंडून निघून गेलं. त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटलं. फॉर्म कोराच बगलेत घालून ते जिना उतरले.

घरी संध्याकाळी जेवताना त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. सळईपाशी ते जरा अडखळले. पण बायकोला धक्का वगैरे काही बसला नाही.

"त्यात नवीन काय? माझ्या केसांच्या पिनेने कोरता. माझ्या विणायच्या सुईने कोरता. मागच्या महिन्यात बँकेच्या कार्डाच्या कोपऱ्याने कोरत होतात."

"तू कधी बोलली नाहीस."

"बोलून काय? तुम्ही 'बरं' म्हणणार." तिने भाजी वाढली. "आता काय लिहिणार आहात?"

"डॉक्टरांचं नाव लिहिलं तर सुटतो. एक आठवड्याचा तर प्रश्न आहे त्यांचा."

"आणि त्या मावशींचा?"

"तिची वही बंद होईल. डॉक्टर म्हणालेत." साहेबांनी घास घेतला. चावला. पुढचं सुचेना म्हणून परत चावला. "शहरात बासष्ट दवाखाने आहेत. एकसष्टांत नुसतं छापील निरंक, आणि ते माझ्यामुळे. एकाच वहीत खरं लिहिलेलं असतं. ती मी बंद करायची..." ते थांबले. घास गिळला. "भाजीत मीठ जास्त झालंय."

बायकोचा हात डावावरच राहिला. "काय म्हणालात?"

"मीठ. जास्त झालंय."

"सव्वीस वर्षांत पहिल्यांदा!" ती म्हणाली. ती चिडली की तिला आनंद झाला, हे साहेबांना कळेना, कारण दोन्ही एकदमच तिच्या चेहऱ्यावर आलं होतं. "जास्तच झालंय. मलाही लागतंय. थांबा, दही देते. आणि उद्यापासून आमटीबद्दलही सांगा, मला वर्षानुवर्षं शंका आहे."

शुक्रवारी साहेबांनी अहवाल मॅडमच्या टेबलावर ठेवला. सोबत वहीच्या त्या पानाची, गुरुवारी मावशीकडून मागून आणलेली प्रत. मॅडमनी अहवाल वाचला. मग प्रत वाचली. मग पुन्हा अहवाल.

"'दुरुस्त न झालेल्या त्रुटी : एक.' बरं. 'मुद्दा क्रमांक एकोणतीस, हत्यारांची हाताळणी.' बरं. 'जबाबदार व्यक्ती : खाली सही करणारा.'" त्यांनी खाली पाहिलं. खाली साहेबांची सही होती. 'र'ला झोकदार गाठ मारलेली. "सळई पँटला पुसली?"

"हो मॅडम. पँट धुतलेली होती."

"लाल कागद आणलाय?"

"दवाखान्यात बाकी काहीच शिल्लक नाही, मॅडम. मी स्वतः सगळं पाहिलं. त्यांना लाल कागद लावू नका."

"नियम काय सांगतो? त्रुटी जिथे असेल तिथे लावायचा."

मॅडम उठल्या. साहेबांच्या टेबलापाशी गेल्या. कपाटातून एकोणीस वर्षं जपलेल्या गठ्ठ्यातला सगळ्यात वरचा लाल कागद काढला, त्यावर तारीख घातली आणि साहेबांच्या खुर्चीच्या पाठीला चिकटवला : 'त्रुटी आढळल्याने सात दिवस बंद. दुरुस्तीनंतर पुन्हा तपासणी होईल.' सगळं कार्यालय माना वर करून बघत होतं. शिपायाने तो तीनदा वाचला. त्याने असा कागद लावलेला आजवर पाहिलाच नव्हता.

"आणि तळघर?" साहेबांनी विचारलं.

"तळघरात गेलात तर तुमची दुरुस्ती कोण करणार? सात दिवस त्या मावशींकडे जा. दुरुस्त झाल्याची त्यांची सही आणा. मग ते उरलेले एकसष्ट दवाखाने परत तपासा. पहिल्यापासून." मॅडमनी पहिल्यांदाच थोडं हसल्यासारखं केलं. "आणि साहेब, तुमचा अहवाल मी शेवटपर्यंत वाचला."

सोमवारी साहेब जिना चढून गेले. मावशीने त्यांना आधी नळापाशी नेलं. "घड्याळ बघा. आता बरोबर चालतंय. वीस सेकंद. बोटांच्या बेचक्यात. अंगठा विसरलात. परत."

सात दिवस त्यांनी हत्यारं घासली, पिशव्यांत भरली, पट्ट्यांवरच्या रेघा उजेडात धरून पाहिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांच्या हातून सळई खाली पडली. त्यांनी वळून पाहिलं; मावशी पाठमोरी होती. ते बराच वेळ त्या सळईकडे बघत राहिले. मग वही उघडून त्यांनी स्वतःच लिहिलं : 'सळई पडली. — परत लावली.' पाठमोऱ्या मावशीने विचारलं, "वेळ घातली का?"

डॉक्टर खूश होते. त्यांना कापूस नसलेला श्रोता मिळाला होता. छापील वहीच्या कोऱ्या बाजूंवर ते आता पेशंटना दात कसे घासायचे त्याची चित्रं काढून देत.

सातव्या दिवशी साहेबांनी सही मागितली. मावशीने मान हलवली. "यंत्रातून काढल्या काढल्या सही नसते. गार होऊ द्यावं लागतं. मग पट्टी बघायची. एक दवाखाना तपासून या."

पुढचा दवाखाना चकाचक होता. काचेचे दरवाजे, मासे सोडलेली पेटी, स्वागताला हसरी मुलगी. डॉक्टरांनी छापील वही पुढे केली. साहेबांनी ती बाजूला ठेवली.

"ते नंतर. आधी जरा हात ओले करू द्या."

डॉक्टरांचा चेहरा क्षणभर गोंधळला. मग समजूतदार झाला. त्यांचा हात टेबलाच्या खणाकडे गेला. "साहेब, तुम्ही कधी म्हणाला नाहीत इतकी वर्षं... किती...?"

"अहो, पाण्याने!" साहेब ओरडले. "नळ कुठाय?"

नळ होता, साबण नव्हता. त्रुटी क्रमांक एक.

डॉक्टरांचा चेहरा पडला. साहेबांच्या ओठांवर नेहमीचं "असू द्या" आलं. पण त्यांनी ती लिहिली, आणि पुढे गेले. चौदा मिनिटांच्या जागी तीन तास दहा मिनिटं लागली, आणि त्रुटी निघाल्या सतरा. एप्रनची घडी, ऑक्सिजनच्या रिकाम्या नळकांड्याला टांगलेल्या छत्र्या, माशांच्या पेटीसाठी काढून ठेवलेला ऑटोक्लेव्हचा प्लग. माशांची तब्येत मात्र उत्तम होती, हेही त्यांनी नमूद केलं.

संध्याकाळी दवाखाना बंद व्हायच्या आत अहवाल घेऊन ते मावशीकडे पोचले. मावशीने दोरीचा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि अहवाल उजेडात धरला, पट्टी बघताना धरायची तसाच. सतराच्या सतरा वाचल्या. शेवटी साहेबांनी अठरावी घातली होती : 'तपासणीसाने साबण मागवेपर्यंत चार मिनिटे ओले हात हवेत धरून वेळ घालवला. — पुढच्या वेळी साबण खिशात.'

तिने सातवी वही काढली, दोन वर्षांपूर्वीचं पान उघडलं. 'साहेब —' या रेघेपुढे तिने सावकाश लिहिलं : 'सात दिवस लावले. रेघा उमटल्या.'

आणि सही केली.

"झालं?" साहेबांनी विचारलं.

"झालं," मावशी म्हणाली, आणि वही मिटता मिटता तिची नजर साहेबांच्या उजव्या हाताकडे गेली. साहेबांनी गडबडीने अहवालाची टाचणी दाढेपासून काढून खिशात घातली.

मावशीने वही परत उघडली.